हातपाय धडधाकट, तरीही अपंगत्व?



गेल्या खरिपात खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजाच्या शिवारात कपाशीवरची बोंडअळी पाहायला गेलो होतो. कामगंध सापळे कसे लावायचे ते सांगून झाले, मंडळी पांगली. धुऱ्यावर एक म्हातारी मात्र थांबून होती. म्हणाली, "साहेब, अळीचं ऐकलं. आता माह्या पोराचं ऐकता का?"

पोरगा तिशीतला. चार वर्षांपासून घराच्या कोपऱ्यात बसून असतो, एकटाच बोलतो, आंघोळीलाही उठवावे लागते. देवदेवस्की करून झाली, त्यात एक गाय विकली गेली. अपंगांच्या पगाराचे विचारले तर गावातल्या एकाने तिला हसून वाटेला लावले होते. हातपाय बैलासारखे असलेल्याला अपंग कोण म्हणणार?

कायदा म्हणतो! १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि मानसिक आजार त्यातही होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे प्रकार एकवीस केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, कंपवात, हे सारे त्यात आले. तेव्हा काठी किंवा कुबडी दिसली तरच अपंग, ही समजूत आता सोडा.

मात्र आजाराचे नाव पुरत नाही. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. मानसिक आजारात डॉक्टर चार गोष्टी पाहतात: माणूस स्वतःचे स्वतः करतो का, इतरांशी वागतो कसा, त्याचे बोलणे समजते का आणि कामधंदा होतो का. आजार किती वर्षांचा, तेही धरतात. म्हणून डॉक्टरांपुढे रोज घरी काय घडते ते खरे सांगा. आपल्या आयाबाया लाजेपोटी "तसं बरं आहे" म्हणतात आणि तिथेच टक्के घसरतात. जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या जपून न्या.

टक्क्यांच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. मळणीयंत्रातून उडालेल्या काडीने एका शेतकऱ्याचा डोळा कायमचा गेला. मी त्याला सांगितले, आधी अपंगत्वाचा दाखला काढ. त्याने हेलपाटे घातले, दाखला आला ३० टक्क्यांचा. दुसरा डोळा चांगला असेल तर एका डोळ्याचे तेवढेच धरतात. पगार मिळेना, आणि तोवर आमच्याच कृषी खात्याच्या अपघात योजनेची मुदत निघून गेली होती. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख, दोन गेल्यास किंवा मृत्यू आल्यास २ लाख रुपये आहेत. तिथे ४० टक्क्यांची अट नाही, पण अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. सातबारावरील शेतकऱ्याबरोबर घरातील आणखी एकालाही ती लागू आहे. तो शेतकरी अजून मला रामराम घालतो. मला मात्र त्याच्या नजरेला नजर देणे जड जाते.

दाखल्यासाठी आधी सेतू केंद्रातून 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज भरा. जून २०२१ पासून दाखला याच मार्गाने मिळतो. आधार कार्ड आणि फोटो सोबत ठेवा. मग नेमून दिलेल्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते. नंतर मिळणारे कार्ड ४० टक्क्यांच्या आत पांढरे, ४० ते ८० पिवळे आणि त्यापुढे निळे असते.

४० किंवा अधिक टक्के भरले की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा. ही योजना १९८० सालची. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत आणि वय ६५ च्या आत हवे. दिव्यांगांसाठी महिना १,५०० रुपये होते, ते २,५०० करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. पैसे थेट खात्यात येतात. खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर होऊनही अडकतात. ग्रामपंचायतीलाही आपल्या उत्पन्नातील ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून त्याचा हिशेब विचारा. सरपंच रागावले तर रागावू द्या.

म्हातारीच्या पोराला बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात नेले. गोळ्या सुरू झाल्या, दाखलाही मिळाला. परवा गेलो तेव्हा तो बैलांना पाणी दाखवत होता. माझ्याशी बोलला नाही, पण घरात उठून गेला नाही. आईला नवीच धास्ती पडली होती: पोरगा बरा झाला तर पगार बंद होईल का? तिला सांगितले, गोळ्या थांबवू नको. दाखला मुदतीचा आहे, मुदत संपल्यावर पुन्हा तपासतील, तेव्हा जे असेल ते सांगू. तारीख तिने शेजारच्या शाळकरी मुलीकडून दिनदर्शिकेच्या मागे लिहून घेतली आहे. तुमच्या घरीही मुदतीचा दाखला असेल, तर तारीख आजच पाहून ठेवा.