फुप्फुसाचा कॅन्सर : अंथरूण धरू नका, पावले चालू ठेवा

घरात कॅन्सरचे नाव निघाले की आपल्या वस्त्यांत दोन गोष्टी लगेच घडतात. आजाराचे नाव शेजारीपाजाऱ्यांपासून लपविले जाते आणि रुग्णाला खाटेवर निजविले जाते. त्यातून कॅन्सर फुप्फुसाचा असेल तर विचारायलाच नको. "दम लागेल, उठू नका", "पाण्याचा तांब्या आम्ही देतो, तुम्ही पडून राहा." हे सारे मायेपोटी होते, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण या मायेने रुग्णाचे नुकसान होते, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कारण साधे आहे. माणूस निजून राहिला की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू थोड्याच दिवसांत रोडावतात. अशक्त स्नायूंना तेच काम करताना अधिक श्रम पडतात. मग चार पावलांतच दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस हालत नाही आणि हालत नाही म्हणून आणखी दम लागतो. हे चक्र तोडण्यासाठी जो बेताचा, नियमित व्यायाम शिकविला जातो, त्याला डॉक्टर पुनर्वसन म्हणतात. पुनर्वसन म्हटले की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. पण आजाराने विस्थापित झालेल्या शरीराचेही पुनर्वसन करावे लागते.

व्यायामाने कॅन्सर बरा होतो, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, गोळ्या हे सारे डॉक्टर सांगतील तसेच घ्यावयाचे. व्यायाम त्या उपचारांच्या जोडीला. २०१९ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलाविलेल्या तज्ज्ञांनी कॅन्सर रुग्णांसाठी आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि २ वेळा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचविला. त्याने थकवा, चिंता व उदासी कमी होते, असे त्यांचे म्हणणे आहे. फुप्फुसाच्या रुग्णाने मात्र तेथवर हळूहळू पोहोचावयाचे आहे.

उजव्या फुप्फुसाचे ३ आणि डाव्याचे २ भाग असतात. गाठ वेळीच सापडली तर तेवढा भाग काढता येतो. अशा शस्त्रक्रियेच्या आधी व्यायाम केलेल्या रुग्णांच्या अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना शस्त्रक्रियेनंतर न्युमोनियासारखा छातीचा त्रास कमी झाला आणि दवाखान्यातील मुक्कामही घटला, असे त्यात दिसले. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की त्या दिवसापर्यंत निजून काढू नका. विडी-सिगारेट घरात कोणी ओढत असेल तर ती त्याच दिवशी बंद झाली पाहिजे.

घरी काय करता येते? आधी डॉक्टरांना विचारून, पुढीलप्रमाणे :

श्वास : नाकाने २ आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यावा. गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून ४ आकडे मोजत सावकाश सोडावा. दम लागला तर खुर्चीवर पुढे वाकून, कोपरे मांडीवर टेकून हेच करावे.

चालणे : सुरुवातीला ५ मिनिटे, दिवसातून २-३ वेळा. चाळीची गॅलरी, समाजमंदिराचे आवार, कोठेही चालेल. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येईनासे झाले तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत.

ताकद : खुर्चीवरून उठणे-बसणे ५ ते १० वेळा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन वर-खाली करणे. शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा खांदा आखडतो, म्हणून परवानगी मिळताच हात हळूहळू वर नेण्याचा सराव करावा. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी.

छातीत दुखणे, चक्कर, थुंकीतून रक्त, विसाव्यानेही न थांबणारा दम अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा. ताप असताना व्यायाम करू नये आणि केमोथेरपी चालू असेल तर तापासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील पेशी कमी झाल्या असतील किंवा आजार हाडांत उतरला असेल, तर कोणता व्यायाम चालेल हे विचारल्याशिवाय काही करू नये.

आमच्या वस्तीत एका निवृत्त कामगाराच्या सुनेने चाळीस पानी वहीत सासऱ्यांच्या चालण्याची नोंद ठेवली होती. तारीख, मिनिटे, कोठे थांबले, किती दम लागला. आम्ही कारकुनी करणारी माणसे, नोंदीची किंमत जाणतो. 'मामा, काल ७ मिनिटे झाली, आज ८ करू,' असे ती म्हणायची आणि म्हातारा उठायचा. डॉक्टरांनाही ती वही उपयोगी पडली.

भगिनींबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. विडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही हा आजार होतो. चुलीचा धूर हे त्याचे एक कारण आहे. पण रुग्ण बाई असेल तर तिला खाटही मिळत नाही. 'घरकाम करतेच आहे, वेगळा व्यायाम कशाला?' असे म्हटले जाते. धुणे-भांडी करून ती थकून जाते आणि चालायला बळ उरत नाही. तिची कामे इतरांनी वाटून घ्यावीत आणि तिच्या चालण्याची वेळ कोणी मोडू नये.

शेवटी एक विनंती. मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. गर्दीत डॉक्टर त्याबद्दल बोलले नाहीत तर आपणच विचारावे, 'साहेब, आमच्या माणसाला व्यायाम कोण शिकवील?' हे विचारण्यात संकोच कसला? तो आपला हक्क आहे. आणि कार्यकर्त्यांनी आजाऱ्याला पाहायला जाताना केवळ फळे नेऊ नयेत, त्याच्याबरोबर १० मिनिटे चालून यावे.