अण्णांच्या हार्टला खोडवा फुटेल का?

रविवारची सकाळ. तुम्ही पुण्यातल्या फ्लॅटवर मस्त लोळताय आणि इंदापूरहून आईचा फोन येतो, 'अरे, ह्यांच्या छातीत दुखतंय...' पुढचं सगळं फास्ट फॉरवर्ड. ईसीजी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अँब्युलन्स, भिगवण, पाटस, यवत, हडपसरचं ट्रॅफिक आणि शेवटी अँजिओप्लास्टी. चौथ्या दिवशी अण्णा बेडवर बसून 'घरी कधी सोडणार?' विचारतात. डॉक्टर मात्र तुम्हाला बाजूला घेतात. 'इकोमध्ये पंपिंग 35 टक्केच दिसतंय. हार्टचा एमआरआय करून घेऊ.'

ब्लॉकेज तर निघालं, मग आता आणखी कसली टेस्ट?

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला हे उसावरून लगेच कळेल. तोड झाली की फड ओसाड दिसतो. बुडखा जिवंत असेल तर खोडवा फुटतो, मेला असेल तर कितीही पाणी सोडा, उपयोग नाही. हार्टचंही तसंच. अ‍ॅटॅकनंतर जो स्नायू हलत नाही, तो मेलेलाच असतो असं नाही. कधी कधी तो नुसता सुन्न झालेला असतो आणि काही आठवड्यांत कामाला लागतो. साधा इको 'ही भिंत हलत नाहीये' एवढंच सांगतो. मेलीय की सुन्न आहे, ते सांगतो एमआरआय.

कसं? शिरेतून गॅडोलिनियम नावाचं द्रव्य सोडतात. चांगल्या स्नायूतून ते पटकन निघून जातं, मेलेल्या भागात रेंगाळतं. दहा-वीस मिनिटांनी फोटो काढला की जिवंत भाग काळा आणि मेलेला पांढरा. (आपल्या कॉमन सेन्सच्या अगदी उलट!) मग बघायचं, भिंतीच्या जाडीत पांढरं किती खोल गेलंय. शिकागोच्या रॉबर्ट किम आणि त्यांच्या टीमने 2000 साली बायपास किंवा अँजिओप्लास्टी होणाऱ्या 50 पेशंट्सवर हे तपासलं. नीट न हलणाऱ्या ज्या 329 भागांत पांढरं अजिबात नव्हतं, त्यातले 256 नंतर सुधारले. जिथे पाऊण भिंतीहून जास्त पांढरं होतं, त्या 58 भागांतला फक्त 1!

पण म्हणून 'जिवंत आहे ना, मग टाका अजून एक स्टेंट' असं नसतं हं. पंपिंग खूप कमी असलेल्या पेशंट्सवरच्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, 2022 मध्ये, नुसत्या औषधांपेक्षा स्टेंट टाकून मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. एमआरआयचा खरा फायदा म्हणजे नुकसान नेमकं किती, हार्टच्या कप्प्यात गुठळी आहे का, पुढे ठोके बिघडायचा धोका किती, हे कळतं.

आणि ते पांढरं किती, हे बरंचसं त्या रविवारीच ठरलेलं असतं. 'अ‍ॅसिडिटी असेल, सोडा पी' म्हणत घालवलेला प्रत्येक तास त्यात धरा. इंदापूर ते पुणे साधारण 140 किलोमीटर. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर जवळच इंजेक्शन घेऊन मग निघायचं, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही.

टेस्टला पाऊण-एक तास लागतो. मशीन धडधड आवाज करतं, 'श्वास रोखा' असं पुन्हा पुन्हा सांगतात, त्यामुळे अण्णांना आधीच कल्पना द्या. नव्या स्टेंटची भीती नको, पण पेसमेकर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. पहिल्या काही दिवसांत सूज असल्याने डाग जरा मोठा दिसतो, म्हणून काहींना तीन-सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात.

आणि हो, एमआरआय सेंटरची पाटी दिसली म्हणजे तिथे हार्टचा होतोच असं नाही. ठोक्यांशी जुळवून फोटो काढणारं सॉफ्टवेअर आणि ते वाचणारा डॉक्टर, दोन्ही लागतात. अण्णांना गाडीत बसवण्याआधी फोन करून विचारा. त्यापेक्षा बेस्ट म्हणजे डिस्चार्जच्या आधीच उरकता येईल का ते बघा, दुसरी चक्कर वाचेल.