पिकअपमध्ये माल किती?

हौदा भरला म्हणजे क्षमता भरली, असं नसतं. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासह एकूण वजनाची मर्यादा. समजा, ते १,७०० आणि २,९०० किलो आहेत. फरक १,२०० किलो, म्हणजे ५० किलोच्या कांद्याच्या २४ गोण्या? नाही. कायद्यानुसार रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो. चालक आणि सोबतचा माणूस मिळून १४० किलो धरले, तर २१ गोण्याच बसतात.

मागे ट्रेलर असेल तर त्याच्या दांडीचा हुकवर पडणारा भारही याच मर्यादेत मोजायचा. ओढण्याची मर्यादा वेगळी. ती कंपनीच्या पुस्तिकेत पाहावी.

पाटे वाढवले की क्षमता वाढते, हा समज सर्वांत घातक. पाटे जाड झाले तरी ब्रेक, अ‍ॅक्सल आणि टायर तेच राहतात. टायरवरचा भारांक १०० असेल, तर तो टायर ८०० किलोच पेलतो.

जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.