नाव एक, अर्थ दोन: कॅडमधल्या टेम्प्लेटचं आणि स्टाइल लायब्ररीचं भांडण



आमच्या स्वयंपाकघरात दोन डबे आहेत. दोन्हींवर एकच लेबल: काळा मसाला. एक माझ्या आईने सोलापूरहून दिलेला, दुसरा सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेला. सोलापूरचा काळा मसाला म्हणजे जाळ. पुण्याच्या बऱ्याच घरांत मात्र गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. नवऱ्याने एकदा आमटीत नेहमीप्रमाणे दोन चमचे मसाला घातला, डबा मात्र दुसरा उचलला. पुढचं सांगायला नको.

नाव तेच, व्याख्या वेगळी. तुमच्यापैकी जे कॅडमध्ये काम करतात, त्यांनी हाच प्रकार पडद्यावर पाहिला असेल. नवी असेंब्ली उघडायला जावं तर एक चौकट येते. टेम्प्लेटमधल्या काही स्टाइल्स लायब्ररीतल्या त्याच नावाच्या स्टाइल्सपेक्षा वेगळ्या आहेत, असं ती सांगते. आपण 'ओके' दाबतो आणि कामाला लागतो. मी हे जवळजवळ वर्षभर केलं, आणि त्याची किंमत मोजली. म्हणून हा लेख.

स्टाइल म्हणजे काय, आणि ती दोन जागी का असते?

मी ऑटोडेस्क इन्व्हेंटर वापरते, म्हणून उदाहरणं त्यातली. पण मूळ अडचण बहुतेक कॅड प्रणालींत भेटते.

स्टाइल म्हणजे नाव दिलेला नियमांचा संच. ड्रॉइंगमध्ये अक्षरांचा आकार, रेषांची जाडी आणि मापं लिहिण्याची पद्धत स्टाइलमध्ये असते. असेंब्लीत प्रकाशयोजना असते. शीट मेटलच्या भागात तर पत्र्याची जाडी, वाकवण्याची त्रिज्या आणि पत्रा उलगडून सपाट करण्याचं गणितही स्टाइलमध्येच असतं.

या व्याख्या दोन ठिकाणी राहतात. एक प्रत सामाईक लायब्ररीत, म्हणजे 'डिझाइन डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये. दुसरी प्रत प्रत्येक फाइलच्या पोटात. ही दुसरी प्रत निरर्थक नाही. ती असते म्हणूनच तुमची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर, तुमची लायब्ररी नसतानाही, जशीच्या तशी उघडते. टेम्प्लेट हीसुद्धा शेवटी एक फाइलच. त्यामुळे तिच्याही पोटात स्वतःच्या प्रती असतात. कुणीतरी लायब्ररीतली व्याख्या बदलतो, टेम्प्लेट तसंच राहतं, आणि भांडणाला सुरुवात होते.

या भांडणात कोण जिंकतं, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. टेम्प्लेटवरून नवी फाइल काढली की लायब्ररी जिंकते आणि तसं तुम्हाला सांगितलं जातं. आधीपासून असलेली फाइल उघडली की तिच्या पोटातली जुनी प्रत तशीच राहते, तुम्ही स्वतः अद्ययावत करेपर्यंत. आणि तेव्हा कुणी काही सांगायला येत नाही.

म्हणजे जे भांडण आवाज करतं ते बहुतेकदा निरुपद्रवी असतं. जे गप्प असतं, ते महागात पडतं.

०.७ मिलिमीटरची गोष्ट

आमच्या गटाला सिंक्रोट्रॉनवर तीन दिवसांची बीमटाइम मिळाली होती. अशा वेळेसाठी अर्ज करावा लागतो आणि महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी २ मि.मी. स्टेनलेसच्या पत्र्याची पेटी हवी होती. अशा पेट्या आम्ही नेहमी करतो, त्यामुळे एक तयार सांगाडा असेंब्ली ठेवलेली असते. तिचं फोल्डर कॉपी करायचं, मापं बदलायची, सपाट आकृती वर्कशॉपला पाठवायची. मी तेच केलं.

पेटी आली. ती ज्या खाचेत सरकायची तिथे अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक ठेवली होती. पेटी ०.७ मि.मी. रुंद निघाली आणि खाचेत जाईना. बीमटाइमचा पहिला अर्धा दिवस आम्ही स्टेनलेस घासण्यात घालवला.

परत आल्यावर मी तडक वर्कशॉपच्या प्रमुखांकडे गेले आणि तुमचं वाकवणं चुकलं असं जरा चढ्या आवाजातच म्हणाले. ते काही बोलले नाहीत. व्हर्नियर घेऊन आले, आमचीच आकृती समोर ठेवली आणि एकेक माप दाखवलं. बाजूच्या दोन्ही भिंती अचूक होत्या. पत्र्याची सपाट लांबीही आम्ही पाठवलेल्या आकृतीइतकीच होती. चूक आकृतीत होती.

खोडरबर वाकवून पाहा

हे गणित समजून घ्यायला एक खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनाने समांतर उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा फाकतील, आतल्या बाजूला जवळ येतील. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो की तो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. पत्र्याचंही असंच होतं. आतल्या पृष्ठभागापासून हा थर जाडीच्या कितव्या भागावर आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे के-फॅक्टर.

९० अंशांच्या वाकात खर्ची पडणारी पत्र्याची लांबी अशी निघते: त्रिज्येत के-फॅक्टर आणि जाडीचा गुणाकार मिळवायचा आणि त्या बेरजेला १.५७ने, म्हणजे पायच्या निम्म्याने, गुणायचं.

जाडी २ मि.मी., आतली त्रिज्या २ मि.मी. घ्या. इन्व्हेंटरसोबत येणारा के-फॅक्टर ०.४४ आहे. त्याने ही लांबी ४.५२ मि.मी. येते. आमच्या वर्कशॉपच्या यंत्रावर आणि साच्यावर खरा आकडा ०.३३च्या आसपास होता. (वाकवण्याबद्दलच्या डीआयएन ६९३५ या जर्मन मानकाचं सूत्रही त्रिज्या आणि जाडी सारखी असेल तर जवळजवळ एवढाच आकडा देतं.) त्याने लांबी येते ४.१८ मि.मी. फरक एका वाकामागे ०.३५ मि.मी.

आमच्या पेटीला दोन वाक होते. वाकवणारा दोन्ही वेळा पत्रा बाहेरच्या कडेपासून मापतो. त्यामुळे दोन्ही भिंती बरोबर येतात आणि सगळी चूक मधल्या तळात जमा होते. दोन वाकांचे मिळून ०.७ मि.मी.

आणि हा ०.३३ आमच्या लायब्ररीत होता! एका सहकाऱ्याने वर्कशॉपशी बोलून तो कधीच बदलला होता. पण नियमाचं नाव तेच ठेवलं होतं: 'स्टेनलेस २ मि.मी.'. आमच्या सांगाड्यातल्या भागांच्या पोटात त्याच नावाखाली जुना ०.४४ बसला होता. मी फाइल नव्याने काढली नव्हती, कॉपी केली होती. म्हणून इशारा आला नाही.

तो इशारा मला नव्या असेंब्ली काढताना रोज दिसत होता. पण त्यात नावं असायची प्रकाशयोजनांची. प्रकाश थोडा इकडे-तिकडे झाला तर काय बिघडतं? असं म्हणत मी 'ओके' दाबायला शिकले. 'आमची लायब्ररी आणि आमच्या जुन्या फाइली एकमेकींशी जुळत नाहीत' हा त्यातला खरा निरोप मी कधी वाचलाच नाही.

वर्कशॉपच्या प्रमुखांची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. मग आम्ही दोघांनी मिळून खालचं काम केलं.

दुरुस्ती कशी करायची?

१. आधी लायब्ररी कोणती ते पाहा. प्रोजेक्ट फाइलच्या सेटिंगमध्ये स्टाइल लायब्ररी वापरायची की नाही, वापरायची तर फक्त वाचायची की लिहायचीही, हे ठरलेलं असतं. तिथेच 'डिझाइन डेटा'चा पत्ताही असू शकतो. सेटिंग बदलण्याआधी सगळ्या फाइली बंद करा. टीम अर्धी पुण्यात आणि अर्धी इथे असेल तर दोन्हीकडचा पत्ता ताडून पाहा. एकाच प्रोजेक्टवर काम करणारे दोघे दोन वेगळ्या फोल्डरांतून वाचत असतील, तर टेम्प्लेट कितीही दुरुस्त केलं तरी इशारा परत येणार.

२. खरं काय ते संगणकाला विचारू नका. लायब्ररी बरोबर की टेम्प्लेट, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. ते फक्त नावं जुळवतं. पत्र्याच्या बाबतीत उत्तर वर्कशॉपमध्ये असतं. १०० मि.मी.ची पट्टी कापा, ९० अंशांत वाकवा, दोन्ही बाजूंची बाहेरून मापं घ्या. आमच्या पट्टीची बेरीज १०३.८२ आली. तिच्यातून प्रत्येक बाजूसाठी त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे एकूण ८ मि.मी., वजा करा. उरले ९५.८२. मूळ १०० मधून ते वजा केले की वाकाची लांबी ४.१८ मि.मी. त्यावरून के-फॅक्टर ०.३३. पंधरा मिनिटांचं काम.

३. टेम्प्लेट दुरुस्त करा. टेम्प्लेटची एक प्रत बाजूला ठेवा. मग 'न्यू' न करता टेम्प्लेटची मूळ फाइलच उघडा. 'मॅनेज' टॅबवर 'अपडेट' आहे. लायब्ररीपेक्षा वेगळ्या असलेल्या स्टाइल्सची यादी तो दाखवतो. लायब्ररी बरोबर असेल तर त्या स्वीकारा. मग 'पर्ज' करून न वापरलेल्या स्टाइल्स काढून टाका. त्या लायब्ररीत आहेतच, टेम्प्लेटने त्या वाहायची गरज नाही. सेव्ह करा, बंद करा, नवी फाइल काढून पाहा. असेंब्लीच्या टेम्प्लेटइतकंच शीट मेटलच्या आणि ड्रॉइंगच्या टेम्प्लेटकडेही लक्ष द्या.

४. टेम्प्लेट बरोबर आणि लायब्ररी जुनी असेल तर उलट करा. प्रोजेक्टला लिहिण्याची परवानगी द्या, 'सेव्ह'ने स्टाइल लायब्ररीत पाठवा आणि परवानगी पुन्हा फक्त वाचण्यापुरती करा. लायब्ररीत लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. दोन आचारी, एक कढई, हे चालत नाही.

५. जुन्या फाइली सरसकट अद्ययावत करू नका. कॉपीसाठी वापरता ते सांगाडे जरूर करा. पण जो भाग तयार होऊन यंत्रात बसला आहे, त्याची फाइल हा त्या वस्तूचा दाखला आहे. तिथे 'अपडेट' दाबलंत तर सपाट आकृती बदलेल आणि हातातल्या वस्तूशी तिचा मेळ राहणार नाही.

६. अर्थ बदलला की नाव बदला. आमच्या नियमाचं नाव आता 'स्टेनलेस २, त्रिज्या २, के ०.३३' असं आहे. लांबलचक आहे, पण उद्या आकडा बदलला तर नावही बदलेल आणि दोन अर्थ एका नावाखाली लपणार नाहीत.

७. नवी आवृत्ती बसवताना दोन्ही आणा. लायब्ररी नव्या आवृत्तीत आणायची आणि टेम्प्लेट विसरायचं, हे या इशाऱ्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

आपण एकटे नाही

इथे जर्मनीत हा विषय निघाला की कुणीतरी एअरबस ए३८०चं नाव काढतंच. त्या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. हॅम्बुर्गमधले अभियंते कॅटियाची चौथी आवृत्ती वापरत होते आणि तुलूजमधले पाचवी. वायरिंगमधले बदल एकीकडून दुसरीकडे नीट पोचले नाहीत, आणि जुळणीच्या वेळी वायरी बसेनात. जून २००६ मध्ये उशीर जाहीर झाल्यावर मूळ कंपनी ईएडीएसचा शेअर एका दिवसात चतुर्थांशाहून जास्त घसरला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. ते काही स्टाइलचं भांडण नव्हतं, पण गोत्र तेच. दोन्हीकडचे लोक एकाच वस्तूवर काम करत होते, आणि ती वस्तू दोन्हीकडे सारखी नव्हती.

तर मंडळी, पुढच्या वेळी ती चौकट आली की 'ओके' दाबण्याआधी तिच्यातली नावं वाचा. निरुपद्रवी असतील तरी तो इशारा मिटवून टाका. नाहीतर खरा इशारा येईल तेव्हा बोट सवयीने 'ओके'वरच जाईल.

आमच्या डब्यांवर आता 'सोलापूर' आणि 'पुणे' अशी नवी लेबलं आहेत. आमटी सुखरूप आहे.