जुनी अंगठी : वय कोणाचे मोजायचे?

(तृतीय वर्ष कला)

मुंबईहून नाशिककडे जाताना भिवंडीच्या जवळ महामार्गावर वडपे लागते. एके काळी भाताची खाचरे असलेल्या या भागात आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. आमचे घर याच गावातले. दोन वर्षांपूर्वी आजी वारली आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत एक हिऱ्याची अंगठी निघाली. त्या एवढ्याशा वस्तूवरून आमच्या घरात अबोला सुरू झाला. आत्याचे म्हणणे, हिरा आजीच्या माहेरचा, पणजीच्या कुडीतला. तेव्हा तो लेकीकडे जावा. काकांचे म्हणणे, अंगठी आजोबांनी भाताच्या पैशांतून घडवली. तेव्हा ती घरातच राहावी. शेवटी मोडून पैसे वाटून घेण्याचे ठरले. एका पेढीवर नेली, तर सोन्याचा भाव सांगण्यात आला आणि हिऱ्याविषयी ऐकायला मिळाले, “जुना घाट आहे, याला काही येत नाही.”

मी इतिहासाचा विद्यार्थी. ‘अंगठी कधीची?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर ‘अंगठी कोणाची?’ हा प्रश्नही सुटेल, असे मला वाटले. त्या खटपटीत जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. हिऱ्याचे वय हे अंगठीचे वय नव्हे. बहुतेक नैसर्गिक हिरे पृथ्वीच्या पोटात एक ते तीन अब्ज वर्षांपूर्वी तयार झालेले आहेत. कार्बनच्या ज्या परीक्षेने पुराणवस्तूंचे वय काढतात ती येथे निरुपयोगी ठरते, कारण ती सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे जात नाही. म्हणून पाहायच्या त्या तीन गोष्टी : हिऱ्याला पैलू कधी पाडले, कोंदण कधी घडले आणि दोघांची गाठ कधी पडली. ही तीन उत्तरे निरनिराळी असू शकतात.

प्रथम पैलूंकडे वळू. दहापट मोठे दाखवणारे भिंग त्यासाठी पुरते. तळ सपाट आणि वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू असतील, तर तो ‘रोझ कट’. ही पद्धत सोळाव्या-सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. आकार उशीसारखा चौकोनी-गोल, माथा उंच, वरचा सपाट पैलू लहान आणि खालचे टोक कापलेले असेल, तर तो ‘ओल्ड माइन’. हे कापलेले टोक वरून पाहता हिऱ्याच्या मध्यावर बारीक वर्तुळासारखे दिसते. हा घाट प्रामुख्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतला. पुढे हिरे गोल करणारी यंत्रे आली, तेव्हा ‘ओल्ड युरोपियन’ हा गोल घाट रूढ झाला. तो साधारण १९३० पर्यंत दिसतो. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी प्रकाशाचे गणित मांडून पैलूंची प्रमाणे सुचवली. आजचा ५७ किंवा ५८ पैलूंचा चमकदार हिरा त्याच वाटेवरचा.

आपल्याकडे मात्र युरोपची कालगणना जशीच्या तशी लावून चालत नाही. भारतीय कारागिराचा कल चमकेपेक्षा वजन राखण्याकडे असे. हिऱ्याखाली चकाकता पत्रा घालून त्याला बंद कोंदणात बसवण्याची रीत येथे शतकानुशतके चालली आणि ती आजही जिवंत आहे. तेव्हा केवळ बंद कोंदण दिसले म्हणून दागिना पेशवाईतला ठरत नाही. शिवाय जुन्या घाटाचे हिरे हल्ली हौसेने नव्यानेही पाडतात.

एक खूण विशेष उपयोगी आहे. हिरा सहसा झिजत नाही. त्याचा टवका उडेल, पण पैलूंच्या कडा गुळगुळीत होत नाहीत. ‘शंभर वर्षांच्या’ हिऱ्याच्या कडा बोथट दिसल्या, तर तो काच किंवा दुसरा खडा असण्याचा संशय घ्यावा. उलट सोने झिजते. खूप वापरलेल्या अंगठीची तळहाताकडची बाजू पातळ होते. तिथे सोने भरपूर असून बाकी सारे जुने दिसत असेल, तर तेवढा भाग मागाहून जोडलेला असू शकतो.

आता धातू. दागिन्यांत प्लॅटिनमचा मोठा वापर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा. विलायती अंगठीवर आतल्या बाजूला छाप असतात आणि त्यांतील वर्षाक्षरावरून साल निघते. इंग्लंडात १५ कॅरटचा दर्जा १८५४ पासून १९३२ पर्यंतच होता. तो छाप म्हणजे जवळजवळ जन्मदाखलाच. भारतात सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू झाले आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण २०२१ पासून आली. छाप नाही म्हणून दागिना जुना, असे मात्र म्हणता येत नाही; कारण त्यानंतरही बराच काळ छाप सक्तीचा नव्हता.

पण आपल्या देशात इतिहासाने एक निराळीच खूण ठेवली आहे. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. असंख्य सोनारांचा रोजगार बुडाला. १९६६ मध्ये ही कसाची अट उठली. सुवर्ण नियंत्रण कायदा १९६८ मध्ये झाला आणि १९९० मध्ये रद्द झाला. बावनकशी सोन्याची आवड असलेल्या आपल्या समाजात त्या काळी कोणी आपणहून १४ कॅरटचा दागिना सहसा घडवत नसे. त्यामुळे देशी घडणीची, जुनी आणि १४ कॅरटची अंगठी दिसली की त्या तीन-चार वर्षांची आठवण व्हावी. मात्र हा एकटा पुरावा पुरेसा नाही, कारण परदेशी अंगठ्या आणि हल्लीचे हिऱ्यांचे दागिनेही १४ कॅरटचे असतात.

हिरा आणि कोंदण यांची फारकत कशी होते, याचे मोठे उदाहरण आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराचा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘नासक’ हिरा १८१८ साली पेशवाईच्या अस्ताबरोबर इंग्रजांच्या हाती पडला. तो लंडनला गेला. तिथे नव्याने पैलू पाडताना त्याचे वजन जवळपास ९० कॅरटवरून सुमारे ७८ कॅरटवर आले. पुढे तो एका इंग्रज उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९२० नंतरच्या दशकात तो अमेरिकेत नेला, तेव्हा शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू म्हणून जकात माफ व्हावी की नाही, यावर वाद झाला. १९३० साली न्यायालयाने निर्णय दिला, की ही प्राचीन कलावस्तू नव्हे, दागिन्यात वापरण्याजोगा पैलूदार हिरा आहे; जकात भरली पाहिजे. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन पुन्हा कापवला आणि ४३.३८ कॅरटचा केला. हिरा तोच, पण त्र्यंबकेश्वरी जो घाट होता, तो आता कोणालाच पाहता येणार नाही.

आता आमच्या अंगठीकडे येऊ. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने सांगितले, की हिरा नैसर्गिक आहे. हे विचारणे अगत्याचे होते. कारण कृत्रिम हिरा १९५४ साली प्रथम सिद्ध झाला आणि हल्ली तो सर्रास मिळतो. भिंगाखाली उशीसारखा आकार दिसला, मध्यावरचे बारीक वर्तुळही दिसले. म्हणजे घाट ‘ओल्ड माइन’. कल्याणच्या एका वृद्ध सोनारांनी कस पाहिला. तो १४ कॅरटचा निघाला. अंगठी हाताने घडवलेली, छाप नसलेली, तळहाताकडे झिजलेली. घरातल्या १९६९ च्या एका फोटोत, ज्याच्या मागे शाईने तारीख लिहिली आहे, आजीच्या बोटात तीच अंगठी आहे. सोनार म्हणाले, “बाळा, खडा पणजीच्या काळचा असेल, घडण मात्र कंट्रोलच्या दिवसांतली दिसते.”

म्हणजे अंगठी बहुधा १९६३ ते १९६६ मधली आणि हिरा तिच्याहून खूप जुना. तो कुडीतलाच होता हे भिंग सांगू शकत नाही. त्यासाठी आत्याची आठवणच मानावी लागेल. पण ती आठवण पुराव्याशी जुळते, आणि काकांचीही जुळते. हिरा माहेरचा, घडण सासरची. वर्षभर जे एकमेकांना खोटे ठरवत होते, ते दोघेही खरे बोलत होते.

हे सांगितले तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मोडायची नाही. ताईकडे राहू दे.” अंगठी आता आत्याकडे आहे. डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे : कोणाचा हिरा, कोणाची घडण, केव्हाची, आणि हे कशावरून ठरवले.

वाचकांना एवढीच विनंती, की घरातल्या जुन्या दागिन्याची हकीकत सांगणारे माणूस आहे तोवर ती लिहून ठेवावी. खड्याचा घाट आणि सोन्याचा कस नंतरही तपासता येतो. आजीला मात्र मी कधी विचारलेच नाही.