किमोथेरपीत केस, कातडी व नखांची काळजी

बुऱ्हाणपूर भागातील कर्करोगाचे काही रोगी मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात जातात. ते १९४१ साली सुरू झाले. किमोथेरपी घेऊन घरी आल्यावर केस गळू लागले, की औषध बाधले असे समजून उपचार सोडू नयेत.

हे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. केसांची मुळे, कातडी व नखे यांतील पेशीही तशाच वाढतात, म्हणून त्यांनाही झळ लागते. केस बहुधा दोन-तीन आठवड्यांनी गळतात व उपचार संपल्यावर बहुतेकांना पुन्हा येतात. उन्हात डोके उपरण्याने वा पदराने झाकावे. कोमट पाण्याने अंघोळ करून अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन लावावे. नखे आखूड ठेवावीत.

रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याने लहानशी जखमही चिघळते. कापसाच्या बोंडाची टोके बोटांना बोचतात. म्हणून कापूस वेचणे, शेण काढणे, केळीची पाने कापणे व फवारणी ही कामे घरच्या इतरांनी करावीत.

नखाखाली पू दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ताप १००.४ अंशांवर गेल्यास, रात्र असली तरी, ताबडतोब दवाखाना गाठावा.