गोळीच्या आधी मिठाचा डबा

‘बीपी’ हा शब्द आता आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाळीवर असताना घेरी येऊन बसलेला कामगार, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना लकवा मारून अंथरुणाला खिळलेला शिपाई, पहाटे रस्ता झाडताना डोके धरून खाली बसलेली मावशी, अशा प्रत्येक बातमीच्या शेवटी एकच वाक्य येते, ‘त्यांना बीपीचा त्रास होता.’ घरचा कमावता माणूस एका अंगाने लुळा पडला म्हणजे त्या घराचे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मुलीचे कॉलेज सुटते आणि आई आणखी दोन घरची भांडी धरते.

दुसरीकडे, ‘इंग्रजी गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही’ ही भीतीही घरोघर आहे. या भीतीवर पोट भरणारे पुष्कळ. रेल्वेच्या पुलावर चुंबकाचे कडे मिळते, आठवडी बाजारात मुळी मिळते, आणि पंधरा दिवसांत बीपी मुळासकट घालवण्याची हमी देणारा बुवाही भेटतो. कडे घालून बीपी जात नाही, पैसे मात्र जातात. मग गोळीशिवाय खरोखर काही करता येते की नाही? येते. ते आकड्यांत मोजून सिद्धही झालेले आहे. त्यातला मोठा वाटा दवाखान्यात नाही, आपल्या शेगडीजवळच्या मिठाच्या डब्यात आहे. फक्त हा उपाय कुठपर्यंत पुरतो, हेही नीट समजून घ्यायला हवे.

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हाचा वरचा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडते तेव्हाचा खालचा. १२०/८० च्या आत असला तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. ‘मला काही होत नाही, म्हणजे मला बीपी नाही’ हा हिशेब म्हणूनच खोटा. आतल्या आत रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचे पडदे झिजत असतात.

मिठातले सोडियम शरीरात साठले की त्याच्या जोडीला पाणीही धरून ठेवले जाते. वाहिन्यांतल्या रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. जास्तीचे मीठ लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. पण वर्षानुवर्षे तेच ओझे वाहून आणि वय वाढत जाऊन त्यांचीही ताकद कमी होते. वय झाले की बीपी वाढायचाच, असे आपण धरून चालतो. तसा निसर्गनियम नाही. १९८८ साली ३२ देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची लघवी आणि रक्तदाब तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. त्यांच्या जेवणात वरून घातलेले मीठ जवळजवळ नसतेच. त्यांचा सरासरी रक्तदाब ९५/६१ च्या आसपास निघाला, आणि म्हातारपणीही तो चढलेला नव्हता.

बीपीवर चांगली औषधे नव्हती, तो काळही फार जुना नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी मोजलेला दाब होता ३००/१९०. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखासाठीही त्या वेळी दाब उतरवणारी धड गोळी नव्हती! आज तीच गोळी सरकारी दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मिळते. गोळीला नावे ठेवताना हे विसरू नये.

त्याच काळात, त्याच देशात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात काम करीत होते. हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले हे ज्यू गृहस्थ. त्यांनी बीपीच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना नुसता बिनमिठाचा भात, फळे, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवले. असे सांगतात, की एका बाईला त्यांनी हा आहार दोन आठवडे घ्यायला सांगितला होता. त्यांच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे तिने ऐकले दोन महिने. ती परत आली तेव्हा तिचा भयंकर चढलेला दाब उतरलेला होता. पुढे केम्पनरांच्या कित्येक रोग्यांच्या बाबतीत तसेच घडले. हा आहार इतका बेचव की कुणाला जन्मभर झेपणारा नव्हता, आणि तो घरी करून बघण्यासारखाही नाही. पण मीठ काढले की दाब उतरतो, हे त्यातून जगाला दिसले.

लोकांना रोज खाता येईल असा आहार कोणता, याचे उत्तर १९९७ साली आले. अमेरिकेत ४५९ स्त्रीपुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतले निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय होते, कारण त्या समाजात बीपीने होणारे नुकसान मोठे आहे. आपल्या लोकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. एका गटाला नेहमीचे अमेरिकन जेवण आणि दुसऱ्याला भरपूर भाज्या, फळे, डाळी, शेंगदाणे, कमी स्निग्धांशाचे दूध-दही. मीठ दोघांना सारखेच, वजनही घटू दिले नाही. आठ आठवड्यांत उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा पहिल्या गटापेक्षा सुमारे ११ ने जास्त उतरला. एखाद्या गोळीने उतरावा इतका! कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा अधिक गुण आला. २००१ साली याच मंडळींनी मीठही कमी करून पाहिले, तेव्हा दाब आणखी खाली आला.

आता आपल्या घरात येऊ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळे आले. घरात पाच माणसे असतील तर एक किलोचा पुडा निदान चाळीस दिवस पुरला पाहिजे. त्याच्या आत संपत असेल तर मर्यादा ओलांडलीच म्हणून समजा, कारण लोणचे, पापड, पाव आणि फरसाण यांतले मीठ त्या पुड्यात नाहीच. पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला. याहून स्वस्त तपासणी दुसरी नाही.

आपल्या जुन्या जेवणातल्या काही गोष्टी मुळातच चांगल्या आहेत. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत आपल्याकडे सहसा मीठ घालत नाहीत; पाव, खारी आणि बटर यांत ते असतेच. भातात मीठ घालायची गरज नाही, कालवण असते ना! अंबाडी, चवळी, माठ, पालक, शेवगा, मटकी, कुळीथ यांत पोटॅशियम असते आणि ते सोडियमच्या उलट दिशेने काम करते. केळी आणि पेरू हे गरिबाच्या खिशाला परवडणारे फळ. मिठाची उणीव आंबटाने भरून निघते. लिंबू, चिंच, आमसूल, भाजलेला लसूण किंवा जवसाची चटणी असली की जीभ कुरकुर करीत नाही. तरी सुरुवातीचे काही आठवडे जेवण अळणी लागणारच. मग जिभेला सवय होते आणि हॉटेलातली भाजी खारट वाटायला लागते.

सुक्या मासळीबद्दल बऱ्याच बायका विचारतात. सुकी मासळी सगळीच सारखी नसते. बोंबील आणि जवळा बहुतेक ठिकाणी नुसत्या उन्हात वाळवतात. खारा बांगडा, खारी सुरमई मिठात मुरवलेली असते. खाऱ्या मासळीची हौस महिन्यातून एखाद्या वेळी भागवावी, तीही गरम पाण्यात भिजवून आणि ते पाणी फेकून. बोंबलालाही शिजवताना मीठ बेतानेच.

सैंधव मीठ बीपीला चालते, हा मोठा गैरसमज आहे. सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच, रंग तेवढा गुलाबी. खाण्याचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियम आहे. पित्तावर पाण्यात फसफसवून प्यायच्या पावडरीतही आहे. दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळते, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर असे मीठ पाच वर्षे वापरून पाहिले गेले. २०२१ साली त्याचे निकाल आले, लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले होते. मात्र ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे किंवा ज्यांना बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांना हे मीठ धोक्याचे ठरू शकते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक गोष्ट पुरुषवाचकांसाठी. हा सगळा भार घरातल्या बाईवर टाकून मोकळे होऊ नका. नवऱ्यासाठी अळणी, मुलांसाठी वेगळे आणि सासूबाईंसाठी तिसरे, असे तीन वेळा शिजवायला तिच्याकडे ना वेळ, ना गॅस. सगळ्या घराने एकाच पातेल्यातले कमी मिठाचे खावे. ताटात वरून मीठ घ्यायची सवय बहुधा ज्याला बीपी असतो त्यालाच असते, म्हणून मिठाचे भांडे जेवताना समोर ठेवूच नये.

मिठानंतर वजन. जास्तीचे वजन एक किलोने उतरले की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालण्यानेही पाचाच्या आसपास फरक पडतो. ‘दिवसभर राबतो, आणखी चालायचे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. हमाली करणाऱ्याला वेगळ्या फेरफटक्याची गरज नाही, त्याला झोपेची आहे. पण शिलाई मशीनवर, वॉचमनच्या खुर्चीत किंवा रिक्षाच्या हँडलवर दिवस काढणाऱ्याचे अंग थकते, हलत मात्र नाही.

दारूने दाब वाढतो. पाचव्या शिलाचा आग्रह आपण धरतोच, डॉक्टरही तेच सांगतात. तंबाखू, विडी आणि बायकांची मिश्री यांतल्या निकोटिनने दाब तात्पुरता उसळतो, शिवाय वाहिन्या खराब होतात त्या वेगळ्याच. आनापान किंवा सावकाश श्वास घेण्याने थोडा उतार पडतो, मनही शांत होते. पण त्याला गोळीच्या जागी बसवू नये.

अंगदुखीच्या गोळीविषयी फार कमी लोक सांगतात. गुडघे दुखतात, कंबर धरते म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून रोज घेणाऱ्या बाया-माणसे कमी नाहीत. या गोळ्यांनी बीपी चढतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. बीपीच्या डॉक्टरांना ‘मी दुखण्याची गोळी घेते’ हे आपणहून सांगा. काहींचा दाब ती गोळी बंद केल्यावर बराच खाली येतो.

आता मर्यादा. १४० ते १५९ च्या दरम्यान असलेल्या आणि दुसरा काही आजार नसलेल्या माणसाला डॉक्टर काही महिने आहार-व्यायामावर ठेवून पाहू शकतात. १६०/१०० किंवा वर असेल, मधुमेह असेल, हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर गोळी लागते, आणि वरचे सगळे गोळीच्या जोडीने करायचे. गरोदरपणात बीपी वाढला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. तोंड वाकडे झाले, हात गळून पडला, बोलणे अडखळले, छातीत दुखू लागले, तर एक तासही वाया घालवू नका.

गोळी चालू असताना आकडा १२५ आला की ‘बरा झालो’ म्हणून ती सोडणारे फार आहेत. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. वजन उतरले, मीठ सुटले आणि दाब सतत खाली राहिला, तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करतात. ते काम आपण करायचे नाही.

लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत ३१९ गिऱ्हाइकांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. केस कापायला येणाऱ्यांचा दाब तिथेच मोजायचा. एका गटाला तिथेच फार्मासिस्ट भेटून औषध ठरवून देत, दुसऱ्याला न्हावी खाणेपिणे सुधारायला आणि डॉक्टरकडे जायला सांगत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला, दुसऱ्याचा ९ ने. नुसत्या सल्ल्याने आणि डॉक्टरकडे जा म्हटल्याने किती होते आणि वस्तीतच औषध मिळाल्याने किती, हे त्यात दिसते.

आपल्याकडे अशी जागा म्हणजे विहार. रविवारी वंदनेला जमणाऱ्यांत एखादी नर्स किंवा आशाताई असतेच. मंडळाने यंत्र घेताना दंडाला पट्टा बांधायचे घ्यावे, मनगटाचे नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, पाय जमिनीवर आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून, दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि ती वही डॉक्टरकडे जाताना बरोबर न्यावी.